गोधडी कुणाला, झरोका कुणाला?

हल्ली कुणाचं नवीन स्वयंपाकघर बघायला गेलं की आधी डोळेच दिपतात. ओट्याखालची भांडी दिसत नाहीत, गॅसची टाकी दिसत नाही, पिठामिठाचे डबे दिसत नाहीत. सगळं कसं दारांच्या आड. ‘किती आटोपशीर केलंय हो!’ असं आपणही मनापासून म्हणतो. पण या हौसेत एक गोष्ट विसरायला होते. ताटं, पराती, डबे दाराआड कोंडले तर त्यांचं काही बिघडत नाही. यंत्राचं मात्र बिघडतं. ज्या वस्तूत मोटार आहे ती वस्तू काम करताना आपल्यासारखीच तापते, आणि तिला वारा लागतो.

एके काळी फ्रिज घरात आला की तो थेट दिवाणखान्यात विराजमान व्हायचा. १९५८ साली गोदरेजनं भारतात तयार झालेला पहिला फ्रिज बाजारात आणला, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं फ्रिज ही चारचौघांना दिसावी अशीच वस्तू होती. डोक्यावर क्रोशाचा रुमाल, त्यावर फुलदाणी, पायाखाली लोखंडी स्टँड. हौसेपोटी का होईना, त्याला मोकळी हवा मिळायची. आता फ्रिज स्वयंपाकघरात गेला. सुतारानं मोजमाप घेतलं आणि अगदी फिट्ट बसेल असं कपाट त्याच्याभोवती उभं केलं. घोटाळा होतो तो इथंच.

अकोल्याच्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. त्या लिहितात, ‘ताई, पाडव्याला आमचं स्वयंपाकघर नवं झालं. सुतारानं फ्रिजला तिन्ही बाजूंनी प्लायवूडचं कपाट केलं आणि वर माळ्याची पेटी बसवली. फ्रिज सहा वर्षांचा, आजवर कधी तक्रार नाही. पण एप्रिल लागल्यापासून मोटार रात्रंदिवस चालते. सकाळचं दूध संध्याकाळी फाटतं. मेकॅनिक दोनदा येऊन गॅस भरून गेला. चार दिवस बरं असतं, की पुन्हा तेच. पण खरी काळजी दुधाची नाही. सासूबाईंना मधुमेह आहे, त्यांचं इन्शुलिन फ्रिजमध्ये असतं. त्या बोलत काही नाहीत, पण दर वेळी कुपी गालाला लावून बघतात. हे म्हणतात, नवा फ्रिज घेऊन टाकू. घ्यावा का?’

वहिनी, नवा फ्रिज घेऊ नका. निदान इतक्यात तरी नका. त्याच कपाटात नवा नेऊन बसवलात, तर पुढच्या मे महिन्यात हेच पत्र तुम्हाला पुन्हा लिहावं लागेल. दोष बहुधा फ्रिजचा नाही, त्याच्या अंगावर घातलेल्या लाकडी कोटाचा आहे. कसं ते नीट समजून घेऊ या, कारण हे एकदा कळलं की फ्रिजच काय, घरातल्या निम्म्या यंत्रांचं आयुष्य वाढेल.

आधी गोधडीपासून सुरुवात करू. गोधडी ऊब देते असं आपण म्हणतो, पण गोधडीत कुठं निखारे असतात? ती ऊब देत नाही, ती ऊब अडवते. आपल्या अंगची उष्णता बाहेर जाऊ देत नाही, एवढंच तिचं काम. थंडीत विरजण लागत नाही म्हणून आपण दुधाचं पातेलं पिठाच्या डब्यात ठेवतो, त्यातलं शास्त्र हेच. पिठाच्या कणाकणांत हवा अडकलेली असते. अडकलेल्या हवेतून उष्णता सहजासहजी पलीकडे जात नाही.

आता गंमत बघा. हीच गोधडी गारवासुद्धा राखते. लग्नकार्याला बर्फाच्या लाद्या आणतात त्या लाकडाच्या भुशात आणि गोणपाटात गुंडाळलेल्या असतात. गोणपाटानं बर्फ ‘गरम’ होत नाही, उलट बाहेरची उष्णता त्याच्यापर्यंत पोचत नाही. १८३३ साली अमेरिकेतल्या बोस्टनहून एक जहाज तळ्यातला गोठलेला बर्फ घेऊन कलकत्त्याला आलं. सुमारे १८० टन बर्फ भरला होता. चार महिन्यांचा प्रवास, तोही विषुववृत्त ओलांडून. आणि तरीही सुमारे १०० टन बर्फ कलकत्त्याला उतरला! वीज नाही, यंत्र नाही. हा सगळा पराक्रम भुशाचा.

म्हणजे ज्या वस्तूला नुसती ऊब किंवा नुसता गारवा साठवायचा आहे, तिला गोधडी घालावी. जितकी जाड तितकी चांगली. पण ज्याच्या अंगातच उष्णता तयार होते आहे त्याचं काय? पोर तापानं फणफणलं असेल तर आपण त्याच्यावर दोन गोधड्या टाकत नाही. अंगावरचं काढतो, खिडकी किलकिली करतो, कपाळावर ओली घडी ठेवतो. चालणारी मोटार म्हणजे असंच तापलेलं पोर समजा. तिला गोधडी नको, झरोका हवा.

फ्रिजची पंचाईत अशी, की एकाच अंगात हे दोघंही नांदतात. आतला कप्पा गोधडी मागतो आणि बाहेरची मोटार झरोका मागते. कप्प्याची गोधडी कारखान्यातच शिवलेली असते. फ्रिजच्या दोन पत्र्यांच्या मध्ये पिवळट, कडक फेस भरलेला असतो, तीच ती. त्या बाबतीत आपल्याला काही करायचं नाही. झरोक्याची व्यवस्था मात्र कारखाना करू शकत नाही. ती आपल्या घरात आपल्यालाच करावी लागते.

फ्रिज थंडी तयार करतो असं आपण समजतो. खरं म्हणजे तो उष्णता उपसतो. विहिरीतलं पाणी मोटेनं काढून पाटात सोडावं, तसा तो भाजीतली, दुधातली, रात्रीच्या आमटीतली उष्णता काढून बाहेर स्वयंपाकघरात सोडतो. त्याच्या नळ्यांत एक वायू फिरत असतो. कॉम्प्रेसर म्हणजे फ्रिजच्या मागं खाली असतो तो काळा गोल घट, तो या वायूला दाबतो. दाबला की वायू तापतो. सायकलच्या पंपाचं तोंड हवा भरताना कसं गरम होतं, तसंच. हा तापलेला वायू लांबलचक नळीतून फिरत फिरत आपली उष्णता बाहेरच्या हवेला देतो आणि त्याचा द्रव होतो. तो द्रव एका बारीक नळीतून आत शिरला की त्याची पुन्हा वाफ होते, आणि वाफ होताना तो आतली उष्णता शोषून घेतो. हातावर स्पिरिट लावल्यावर गार का वाटतं, त्याचं कारणही हेच.

आता सांगा, पाटच तुंबला तर मोट चालवून काय उपयोग? बाहेरची उष्णता निघून गेली नाही, तर आत गारवा येणार कुठून?

ही उष्णता बाहेर कुठून पडते हे आपल्या फ्रिजवर हात फिरवून ओळखता येतं. जुन्या फ्रिजच्या पाठीवर काळी जाळी असायची, अजूनही काहींना असते. पण बऱ्याच नव्या फ्रिजची पाठ सपाट असते आणि गरम नळ्या दोन्ही कुशींच्या पत्र्याआड दडवलेल्या असतात. म्हणूनच नव्या फ्रिजची कूस हाताला गरम लागते. ‘बिघडला वाटतं’ म्हणून पुष्कळजणी दुकानदाराकडे धाव घेतात. तो बिघाड नव्हे, त्याचं कामच ते. पण याचा अर्थ असाही, की अशा फ्रिजच्या कुशीला प्लायवूड चिकटवलं तर त्याच्या नाकावरच उशी दाबल्यासारखं होतं.

अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. फ्रिजच्या आत किंवा पाठीवर चिकटवलेल्या पट्टीवर इतर मजकुराबरोबर त्याचा ‘हवामान वर्ग’ लिहिलेला असतो, तो एकदा वाचून ठेवा. ‘एन’ असेल तर तो फ्रिज भोवतालची हवा ३२ अंशांपर्यंत असेल तिथं चालण्यासाठी केलेला आहे, ‘एसटी’ असेल तर ३८ पर्यंत, आणि ‘टी’ असेल तर ४३ पर्यंत. भोवतालची हवा म्हणजे खिडकीबाहेरची नव्हे बरं का, फ्रिजच्या अंगाला प्रत्यक्ष लागते ती. स्वयंपाकघरात दुपारी ३८ अंश धरले, तरी बंद कपाटात फ्रिजनंच टाकलेली उष्णता कोंडून तिथली हवा त्याहून पुष्कळ तापते. म्हणजे घरात बसून आपण म्हणतो ‘आज जरा बरं आहे’, आणि फ्रिज बिचारा वैशाखवणव्यात उभा!

मग पुढचं चक्र सुरू होतं. उष्णता जात नाही म्हणून आत गारवा येत नाही. गारवा येत नाही म्हणून मोटार थांबत नाही. थांबत नाही म्हणून ती आणखी तापते आणि तीही उष्णता त्याच कपाटात कोंडते. विजेचं बिल वाढतं ते निराळंच. शेवटी मोटारीपाशी एक लहानसा राखणदार बसवलेला असतो, तो मोटार फार तापली की तिची वीज तोडतो. ‘टक्’ असा आवाज येतो आणि फ्रिज गप्प होतो. निवल्यावर पुन्हा सुरू होतो, थोडा चालतो, की पुन्हा ‘टक्’. भर दुपारी असा टक्-टक् आवाज ऐकू आला, की समजा राखणदार ओरडून सांगतो आहे, आधी वारा द्या! मोटारी दुरुस्त करणाऱ्या लोकांचा एक जुना हिशेब आहे. मोटार नेहमी दहा अंश जास्त तापू लागली, की तिच्या तारांवरच्या लेपाचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. वीस वर्षं चालायची ती दहा वर्षांत जाते.

आणखी एक गोष्ट सगळ्याजणींनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. फ्रिजमधला गॅस हा स्वयंपाकाच्या गॅससारखा वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांत फिरत राहतो. तो खरोखर कमी झाला असेल, तर कुठंतरी गळती आहे, आणि गळती शोधून बुजवल्याशिवाय नुसता गॅस भरणं म्हणजे भोकाच्या घागरीत पाणी ओतणं. तेव्हा तिसऱ्यांदा गॅस भरायचं ठरवण्यापूर्वी फ्रिज कपाटाबाहेर काढून मोकळ्या जागेत दोन दिवस चालवून बघा. मोटार मधूनमधून थांबू लागली आणि दूध टिकू लागलं, तर गुन्हेगार सापडला. तसं झालं नाही, तर मात्र गळती तपासून घ्या.

आता सासूबाईंच्या इन्शुलिनबद्दल. न उघडलेलं इन्शुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. ते तापलं तरी बिघडतं आणि गोठलं तरी बिघडतं. एकदा गोठलेलं पुन्हा पातळ झालं तरी वापरायचं नाही. म्हणून ‘गार नाही’ म्हणून कुपी बर्फाच्या खणात सरकवणं हा उपाय नव्हे. ती मधल्या फळीवर, मागच्या भिंतीला न टेकवता, डबीत घालून ठेवावी. आणि गालाला लावून बघण्यापेक्षा फ्रिजमध्ये ठेवायचा एक साधा थर्मामीटर घ्यावा. तो पाण्याच्या पेल्यात उभा करून मधल्या फळीवर रात्रभर ठेवा आणि सकाळी बघा. आकडा शून्याच्या वर आणि ५ च्या आसपास असला की फ्रिज ठीक आहे, अन्नालाही आणि औषधालाही. एप्रिलपासून फ्रिज नीट चालत नव्हता, तेव्हा आत असलेल्या कुप्या वापरायच्या की टाकायच्या हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा. दिसायला स्वच्छ आहे म्हणजे चांगलं आहे, असं इन्शुलिनच्या बाबतीत धरून चालत नाही. या बाबतीत काटकसर नको.

आता कपाटाचं काय करायचं? ‘एवढा खर्च केला आणि आता तोडायचं?’ असं घरात कुणीतरी म्हणणारच. तोडायचं नाही, मोकळं करायचं. सुताराला बोलावलंत तर एका दुपारचं काम आहे. त्याला पुढच्या गोष्टी सांगा.

पहिली म्हणजे, कपाटाच्या पाठीला प्लायवूड असेल तर ते काढून टाका. मागं भिंत आहेच, दिसायला काही वाईट दिसत नाही.

दुसरी, आपल्या फ्रिजच्या पुस्तिकेत किती जागा सोडा असं लिहिलं आहे ते बघा, आणि तेच प्रमाण माना. पुस्तिका हरवली असेल तर सर्वसाधारण अंदाज असा, की मागं आणि दोन्ही कुशींना हाताचा पंजा आडवा सहज आत जाईल इतकी, म्हणजे ८ ते १० सेंटिमीटर जागा, आणि डोक्यावर ३० सेंटिमीटर म्हणजे दीड वीत. एवढी रुंदी कपाटात नसेल तर एका बाजूची फळी काढावी. फ्रिजची एक कूस मोकळी दिसली तर काय बिघडतं?

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. गरम हवा वर चढते. चुलीवर धुराडं असतं ना, तसाच तिला वर जायला रस्ता हवा, आणि खालून गार हवा आत यायलाही रस्ता हवा. दोन्ही हवेत, एकानं भागत नाही. नुसतं वर भोक पाडलं आणि खाली पट्टी ठोकून बंद केलं, तर हवा हलतच नाही. म्हणून फ्रिजच्या पायापाशी पट्टी असेल तर ती काढा. वरची माळ्याची पेटी जर भिंतीपर्यंत खोल असेल, तर तिची मागची बाजू भिंतीपासून अलीकडे घ्या, म्हणजे मागून गरम हवा थेट छताकडे जाईल. वरचं भोक माळ्याच्या बंद पेटीत उघडत असेल, तर ते भोक असून नसल्यासारखंच.

चौथी, फ्रिजच्या पुढं कपाटाचं दार लावलं असेल तर ते उतरवून ठेवा. कपाटात पूर्णपणे बसवता येणारे फ्रिज निराळे असतात, त्यांची हवा घेण्याची वाट मुळातच वेगळी ठेवलेली असते. त्यांनासुद्धा खाली आणि वर प्रत्येकी निदान २०० चौरस सेंटिमीटरचा झरोका लागतो, म्हणजे समजा ५० सेंटिमीटर लांब आणि ४ सेंटिमीटर रुंद फट. त्या फटीवर शोभेची जाळी बसवली तर जाळीची नक्षी बरीचशी जागा खाते, म्हणून फट त्या मानानं मोठी ठेवावी. जे अजून स्वयंपाकघर करून घेणार आहेत त्यांनी सुताराला हा हिशेब आधीच कागदावर लिहून द्यावा.

पाचवी, काम करताना सुतारानं फ्रिजच्या अंगाला खिळा, स्क्रू किंवा ड्रिल लावता कामा नये. पत्र्याआड नळ्या असतात हे आपण पाहिलंच. आजकालच्या पुष्कळ फ्रिजमधला गॅस पेट घेणारा असतो. तो अगदी थोडा असतो, पण नळी फुटली तर फ्रिजही गेला आणि धोकाही ओढवला. झरोके मोकळे ठेवायचं हेही एक कारण आहे.

एवढं झालं की बाकीच्या सवयी आपल्या हातातल्या. फ्रिजच्या डोक्यावर पोळपाट, वर्तमानपत्रांची रास, गव्हाची पिशवी असा संसार मांडू नये. क्रोशाचा रुमाल हवा तर डोक्यापुरताच ठेवा, कुशींवरून आणि पाठीवरून लोंबू देऊ नका. प्लास्टिकचं गळ्यापासून पायापर्यंतचं आवरण तर नकोच. स्टॅबिलायझरही काम करताना तापतो, त्याच्यावर कापड टाकू नये आणि त्याला फ्रिजमागच्या सांदीत कोंबू नये. पाठीवर काळी जाळी असेल तर सहा महिन्यांनी एकदा बटण बंद करून, पिन काढून, मऊ कुंचल्यानं धूळ झाडावी. ही धूळ म्हणजेसुद्धा एक बारीक गोधडीच की! दसऱ्याच्या आणि पाडव्याच्या साफसफाईत हे काम जोडून टाकलं की विसरायला होत नाही.

दाराचं रबरही बघावं. दहा रुपयांची नोट दारात अर्धी धरून दार लावा आणि ओढा. सहज निघून आली तर तिथून गारवा गळतो आहे. साबणाच्या कोमट पाण्यानं रबर पुसून घ्या, तरी ढिलं राहिलं तर बदला. ही आतल्या गोधडीची उसवलेली शिवण आहे, ती मात्र घट्टच हवी.

आता गच्चीवर चला. तिथं हाच प्रश्न दुसऱ्या रूपात उभा असतो. सौर बंब आता आपल्या गावोगावी आले. त्याची गरम पाण्याची टाकी जाड कोट घालून बसलेली असते म्हणून रात्रीचं पाणी सकाळी गरम मिळतं. गच्चीवरून न्हाणीघरापर्यंत येणारी गरम पाण्याची नळी मात्र पुष्कळ घरांत उघडी असते. तिला फोमची नळकांडी मिळतात ती चढवून घ्या, आणि उन्हानं ती चिरू नयेत म्हणून वरून वेष्टण द्या. इथं गोधडी जितकी कराल तितकी कमीच.

पण त्याच टाकीशेजारी शॉवरला जोर यावा म्हणून एक छोटा पंप बसवलेला असतो. त्याचा घरघर आवाज होतो, पावसात तो भिजतो, म्हणून कुणीतरी त्याच्यावर खोकं ठेवतं, त्यात थर्मोकोल भरतं, वर गोणपाट गुंडाळतं. टाकीला कोट घातला, मग पंपालाही घातला, असा सरळ विचार. पण लहान मोटार जेवढी वीज घेते त्यातला चौथा-तिसरा हिस्सा तरी उष्णता होऊन तिच्याच अंगात राहतो. ती उष्णता घालवण्यासाठी मोटारीच्या शेपटीकडे भोकांच्या झाकणाआड एक पंखा असतो. तो मागून हवा ओढतो आणि मोटारीच्या अंगावरच्या पन्हाळींतून पुढं सोडतो. खोक्यात कोंडला की तो तीच गरम हवा पुन्हा पुन्हा ओढत बसतो. थर्मोकोल आणि गोणपाट दोन्ही पेट घेणाऱ्या वस्तू, आणि शेजारी तापलेली मोटार. चूल आणि गवताची पेंढी शेजारी ठेवण्यातलाच हा प्रकार.

पंपाला कोट नको, छप्पर द्या. वर उतरता पत्रा, बाजूंना खाली झुकलेल्या पट्ट्यांची झडप, म्हणजे पावसाचा मारा आत येत नाही आणि हवा खेळते. पंख्याच्या मागं निदान एक वीत जागा मोकळी ठेवा. पंप दोन विटांच्या उंचीवर बसवा म्हणजे गच्चीवर साचलेलं पाणी लागणार नाही. आणि आवाजासाठी खोकं कशाला? पंपाच्या पायाखाली रबराच्या जाड चकत्या घाला आणि नळीला लवचीक तुकडा जोडून घ्या. आवाज बराचसा त्या थरथरीचा असतो, तो तिथंच विरतो.

ज्यांच्या लेकीसुना अमेरिकेत किंवा कॅनडात आहेत, त्यांना तिकडच्या अंगणातले गरम पाण्याचे मोठे टब ठाऊक असतील. बाहेर बर्फ पडत असतो आणि टबातलं पाणी ३८ ते ४० अंशांवर. विजेचं बिल कमी व्हावं म्हणून लोक टबाभोवतीच्या लाकडी पेटीत फोम आणि गाद्या भरतात, आणि पंपाची मोटारही त्याच पेटीत बसलेली असते! त्यांनाही उत्तर हेच. टबाच्या भांड्याला आणि नळ्यांना खुशाल गुंडाळा, वरचं झाकण जाड आणि घट्ट ठेवा, कारण सगळ्यांत जास्त उष्णता पाण्याच्या उघड्या तोंडातून जाते. मोटारीचा कोपरा मात्र फोमनं भरू नका, आणि पेटीच्या पत्र्याला कारखान्यानं ठेवलेली जाळी बुजवू नका. लेकीला पुढच्या फोनवर हे आवर्जून विचारा.

मैत्रिणींनो, हे सगळं लक्षात ठेवायला सोपी खूण सांगते. कुठलीही वस्तू झाकण्यापूर्वी तिला एकच प्रश्न विचारा. ‘तू ऊब-गारवा नुसता सांभाळतेस, की तू स्वतः तापतेस?’ सांभाळणारीला गोधडी, तापणारीला झरोका. आणि एकाच वस्तूत दोन्ही असतील, तर दोघांना वेगळं ओळखून ज्याचं त्याला द्या. कपाटात ठेवलेला इन्व्हर्टर, ओट्याखाली सरकवलेलं कपडे धुण्याचं यंत्र, पडद्याआडचा टी.व्ही., सगळ्यांना हाच नियम.

या रविवारी जेवणं आटोपली की घरभर एक फेरी मारा. चालू यंत्राच्या बाहेरच्या बाजूला उलटा तळहात जवळ नेऊन बघा, बिनवाराची हवा कुठं कोंडली आहे ते लगेच कळेल. जळकट वास आला, प्लगचं तोंड काळवंडलेलं दिसलं किंवा वायर हाताला मऊ लागली, तर मेन स्विच बंद करून वायरमनला बोलवा, स्वतः उघडून बघू नका.

आणि अकोल्याच्या वहिनी, सुतार येईपर्यंत फ्रिज कपाटाबाहेर ओढून ठेवा. चार दिवस स्वयंपाकघर थोडं अडचणीचं होईल, येणारेजाणारे ‘हे काय?’ म्हणून विचारतील. विचारू देत. सासूबाईंच्या हातात थर्मामीटर द्या आणि रोज सकाळी आकडा वाचायचं काम त्यांच्याकडेच सोपवा.